वाळवंटातील सायकल प्रवास: धाडसाबरोबर पाण्याचा हिशेबही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील वाळवंटी मुलुखातून एकट्याने केलेल्या सायकल प्रवासावर पूर्ण पानभर मजकूर नुकताच प्रसिद्ध झाला. लाल माती, क्षितिजापर्यंत सरळ गेलेला कच्चा रस्ता आणि त्यावर सामानाने लादलेली एकच सायकल, ही छायाचित्रे पाहून कोणाही सायकलस्वाराचे पाय शिवशिवतील, यात शंका नाही. परदेशातील अशा आडवाटेच्या प्रवासाला मराठी वृत्तपत्राने एवढी जागा दिली, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु त्या संपूर्ण मजकुरात प्रवासी किती पाणी वाहून नेत होता, दोन पाणवठ्यांमधले अंतर किती होते, प्रवास कोणत्या महिन्यात झाला आणि वाटेत पाय मोडला असता तर ते कोणाला व कसे कळले असते, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. जिद्द, थरार आणि एकांत यांविषयी मात्र भरभरून लिहिले होते. वाळवंटातल्या प्रवासाचे वर्णन पाण्याच्या हिशेबाविना छापणे नुसते अपुरे नाही, तर ते वाचणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि म्हणूनच हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

ही बाब नाशिकमध्ये तर अधिकच गांभीर्याने घ्यायला हवी. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा दोघांच्या गटात पूर्ण केली, तेव्हापासून या शहरात सायकलचे वेड झपाट्याने वाढले. पहाटे गंगापूर रस्त्याने, त्र्यंबकेश्वरच्या वाटेने किंवा कसारा घाटाच्या दिशेने निघालेले सायकलस्वारांचे गट आता कोणाला नवलाचे वाटत नाहीत. आमच्या वसाहतीतला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आपले ते पान घेऊन माझ्याकडे आला. सहाशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण केलेला, निर्व्यसनी, काटक असा हा मुलगा आहे. येत्या डिसेंबरच्या सुट्टीत तोच रस्ता एकट्याने करण्याचा त्याचा बेत होता आणि त्याने पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. डिसेंबर म्हणजे त्या भूभागातला ऐन उन्हाळा. पण हे त्याला त्या पानावरून कळण्याची काही सोयच नव्हती.

मी जलसंपदा विभागातून निवृत्त झालेला अभियंता आहे. मुलगी अॅडलेडला असते, त्या निमित्ताने काही वर्षांपूर्वी तेथील हिवाळ्यात मी 'ऊडनाडाटा ट्रॅक' या नावाने ओळखला जाणारा हाच रस्ता सायकलवरून एकट्याने केला. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते ऐकीव नाही, आणि त्यात कोणाला नाउमेद करण्याचाही हेतू नाही. तो प्रवास अवश्य करावा, असा देखणा मुलुख क्वचितच पाहायला मिळतो. परंतु तेथे जायचे ते पाण्याचे वेळापत्रक हातात घेऊनच.

अॅडलेडच्या उत्तरेला पावणेसातशे किलोमीटरवर मारी नावाचे चिमुकले गाव आहे. तेथून वायव्येकडे मार्लापर्यंत हा कच्चा रस्ता साधारण सहाशे वीस किलोमीटर जातो आणि या संपूर्ण अंतरात विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा अशा दोनच वस्त्या लागतात. ढोबळमानाने दोनशे-दोनशे किलोमीटरचे तीन टप्पे पडतात. नाशिकहून पुण्याला सायकलने निघावे आणि मध्ये सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण यांपैकी काहीही नसावे, ना चहाची टपरी, ना पंक्चरचे दुकान, ना रस्त्याकडेचा हातपंप, असा यातला एकेक टप्पा आहे. त्यातही विल्यम क्रीक हे गाव म्हणावे तर एक जुने हॉटेल, एक धावपट्टी आणि मोजकी घरे एवढेच आहे.

आता हिशेब मांडतो. वाहनांच्या चाकांनी कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडतात. त्यांवरून सामानाने भरलेली सायकल तासाला दहा-बारा किलोमीटरच्या वर जात नाही. मध्येच पिठासारखी बारीक धूळ साचलेले पट्टे येतात, तेथे उतरून ढकलावी लागते. काही ठिकाणी मैलोन् मैल गुळगुळीत तांबड्या गोट्यांचे पठार आहे, त्यावरचा रस्ताही तसाच दगडाळ. समोरून वारा असला तर विचारायलाच नको. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर झाले म्हणजे पुष्कळ झाले, असे धरले तर एका टप्प्याला चार दिवस लागतात. हिवाळ्यातसुद्धा पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून रोज सहा लिटर पाणी धरावे आणि सायकल मोडली, पाऊस आला किंवा ताप भरला तर उपयोगी पडावे म्हणून एक दिवस राखीव ठेवावा. पाच दिवसांचे तीस लिटर म्हणजे तीस किलो वजन केवळ पाण्याचे होते. तंबू, शिधा, हत्यारे, सुटे भाग आणि गरम कपडे त्याखेरीज. हे पाणी एकाच मोठ्या पिशवीत कधीही भरू नये, चार-पाच भांड्यांत विभागून ठेवावे, म्हणजे एखादे फुटले वा झिरपले तरी बाकीचे शाबूत राहते. ते जमेल तितके खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून बांधावे. आणि एक नियम स्वतःशी पक्का करावा: अर्धे पाणी संपले आणि अर्धे अंतर झालेले नसेल तर निमूटपणे मागे फिरायचे किंवा येणाऱ्या वाहनाला हात करायचा.

उन्हाळ्यात हा हिशेब जुळतच नाही. ऊडनाडाटा येथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि ऑस्ट्रेलियातील उच्चांक म्हणून ते आजही सांगितले जाते. पश्चिम किनाऱ्यावरील ऑन्स्लो येथे २०२२ च्या जानेवारीत तेवढाच पारा चढला, पण त्याहून अधिक नोंद नाही. अशा दिवसांत कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. रोजचे दहा-बारा लिटर धरले तर एका टप्प्याला साठ लिटर लागतील, आणि तेवढे वजन लादलेली सायकल धुळीतून हलणार नाही. रात्री चालवेन आणि दिवसा झोपेन, असे आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे होते. परंतु दिवसा झोपायचे कोठे? कित्येक किलोमीटरपर्यंत माणसाला पुरेल एवढ्या सावलीचे झाड नाही आणि तंबूत तर भट्टी पेटलेली असते. रात्री रस्त्यावर गुरे आणि कांगारू येतात, ते वेगळेच. १९९८ च्या डिसेंबरात काटी थांडा म्हणजेच लेक आयर या विस्तीर्ण खाऱ्या सरोवराच्या काठी एका परदेशी जोडप्याची मोटार वाळूत रुतली. त्यांतील एकजण मोटारीपाशी थांबला, दुसरी व्यक्ती पाणी बरोबर घेऊन विल्यम क्रीककडे पायी निघाली. थांबलेला वाचला, चालणारी व्यक्ती वाटेतच उन्हाने गेली. त्यांच्याकडे तर चारचाकी गाडी होती. एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जावे, त्याबाहेर जाऊ नये, याबद्दल तेथील एकाही जाणत्या माणसाचे दुमत मी ऐकले नाही. हिवाळ्यातही रात्री पारा शून्याजवळ उतरतो, तेव्हा वाळवंट म्हणून पातळ चादर घेऊन जाणाऱ्याचेही हाल होतात.

उन्हाबरोबर पावसाचीही काळजी घ्यावी लागते. तेथे वर्षाला जेमतेम काही इंच पाऊस पडतो. पण तो पडला की चिकणमाती चाकांना अशी धरते की सायकल ढकलताही येत नाही, आणि प्रशासन रस्ता बंद झाल्याचे जाहीर करते. बंद रस्त्यावर वाहन घालणाऱ्याला दंड होतो. निघण्यापूर्वी रस्त्याची ताजी स्थिती विचारून घेणे आणि रस्ता बंद असल्यास गावात मुकाट्याने थांबणे, एवढी सवड वेळापत्रकात ठेवावी लागते. परतीचे विमान दुसऱ्या दिवशी असेल तर माणूस नेमका तेथेच चुकीचा निर्णय घेतो.

हा रस्ता तेथेच का झाला, हे समजून घेतले तर पाण्याचे महत्त्व आपोआप पटते, आणि पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तर तोच त्या प्रवासातला सर्वांत मोठा आनंद होता. ऑस्ट्रेलियाच्या पोटात 'ग्रेट आर्टिशियन बेसिन' नावाचा भूजलाचा अवाढव्य साठा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सतरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे त्या खंडाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक आहे. प्रामुख्याने पूर्वेकडच्या डोंगररांगांवर पडलेला पाऊस वालुकाश्माच्या थरांत मुरतो, वर्षाला काही मीटर एवढ्या संथ गतीने पश्चिमेकडे सरकतो आणि थराच्या नैर्ऋत्य कडेला, जेथे वरचे पाणी न झिरपू देणारे आवरण भेगाळलेले आहे तेथे, दाबाने आपोआप वर येतो. तेथे पोहोचलेल्या पाण्याचे वय काही ठिकाणी दहा लाख वर्षांहून अधिक निघाले आहे. या उमाळ्यांची एक लांबलचक माळ त्या वाळवंटातून गेली आहे. अराबाना या तेथील मूळ रहिवाशांच्या वाटा याच माळेवरून जात. १८५९ मध्ये जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट हा शोधक याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे गेला. त्यामागून १८७२ मध्ये खंड ओलांडणारी तारयंत्राची लाइन झाली, आणि वाफेच्या इंजिनांना पाणी लागत असल्यामुळे रेल्वेही तीच वाट धरून १८८४ मध्ये मारीला आणि १८९१ मध्ये ऊडनाडाटाला पोहोचली. तो लोहमार्ग १९८० मध्ये बंद झाला. त्याचे बांध, पडके पूल आणि ओसाड स्थानकांच्या दगडी भिंती रस्त्याच्या कडेने अजून उभ्या आहेत, आणि वाऱ्याच्या दिवशी सायकलस्वाराला त्यांच्याएवढा चांगला आडोसा दुसरा मिळत नाही.

मारीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्त्यापासून थोडे आत दोन उमाळे जपून ठेवले आहेत. त्यांतल्या 'बबलर' नावाच्या उमाळ्यापाशी मी बराच वेळ बसलो होतो. खाऱ्या, पांढुरक्या, सपाट जमिनीवर एक बसका उंचवटा आहे, शतकानुशतके पाण्याबरोबर आलेले क्षार आणि वाळू साचून तो तयार झालेला. वर वाटोळे डबके. डबक्याच्या तळाशी करडी बारीक वाळू सतत उकळल्यासारखी हलत असते. मध्येच ती एका जागी फुगते, फुग्याच्या पाठीवर वर्तुळे उमटतात, मग तो फुटतो आणि वाळू परत खाली बसते. पाणी कोमट, चवीला किंचित खारट. काठावरच्या लव्हाळ्यांतून जेमतेम वीतभर रुंदीचा ओहोळ उंचवट्यावरून खाली येतो आणि थोडे अंतर जाऊन मातीत नाहीसा होतो. एवढेच पाणी, पण त्याच्या भरवशावर माणसांनी एक खंड ओलांडला. तेथून जवळच कॉवर्ड स्प्रिंग्ज येथे रेल्वेसाठी १८८६ मध्ये खोदलेल्या विंधनविहिरीच्या पाण्यावर पाणपक्ष्यांची दलदल झाली आहे, आणि दमलेल्या प्रवाशाला उतरता येईल असे कोमट पाण्याचे एक लाकडी टाके आहे. मात्र झऱ्याचे पाणी दिसते म्हणून ते पिण्याच्या हिशेबात धरू नये. क्षार जास्त असतात आणि ती ठिकाणे अराबाना लोकांना पवित्र आहेत, त्यामुळे त्यांत पाय वा भांडी बुडवणे उचित नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो, कारण आपल्याकडच्या वाचकाला तिचे महत्त्व वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विंधनविहिरी खोदून या भूजलाला हजारो ठिकाणी तोंडे पाडली गेली. पाणी खुल्या चाऱ्यांतून कित्येक किलोमीटर वाहत जाई आणि त्यातले बहुतांश उन्हात वाळून आणि जमिनीत मुरून वाया जाई. परिणामी दाब घटला आणि काही उमाळे आटले. १९९९ पासून तेथील केंद्र व राज्य सरकारांनी मिळून या विहिरींना झडपा बसवण्याचे आणि चाऱ्यांऐवजी नळ टाकण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. ज्यांनी येवला-नांदगावकडे टँकरच्या फेऱ्या आणि कालव्याच्या शेवटच्या चारीवर आवर्तनाची वाट पाहणारे शेतकरी पाहिले आहेत, त्यांना त्या झडपांसमोर उभे राहून काय वाटेल, हे मी वेगळे सांगायला नको.

अशा रस्त्यावर सायकल ही नवी गोष्टही नाही. १८९६ मध्ये आर्थर रिचर्डसन याने कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींपासून अॅडलेडपर्यंत नल्लारबोरचे ओसाड मैदान ओलांडून सायकल नेली, ती थोडकी शिदोरी आणि पाण्याची एक पिशवी घेऊन, एकतीस दिवसांत. तो तारेच्या खांबांच्या कडेने गेला, म्हणजे त्यानेही माणसांनी आधी केलेल्या सोयीचाच आधार घेतला. मारीच्या आसपासचा व्यापार तर उंटांवर चालत असे. ते उंट आणि उंटवाले १८६० च्या दशकापासून कराचीमार्गे तेथे गेले. त्यांना सरसकट अफगाण म्हटले जाई, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी असे अनेक होते. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे कराची आणि नाशिक एकाच इलाख्यात मोडत होते. मारीला त्यांनी बांधलेल्या मशिदीची मातीची प्रतिकृती उभारलेली आहे, ती पाहताना त्या ओसाड गावात मला परके वाटले नाही.

माणसांचा हा आधार आजही तसाच आहे, आणि आपल्या वृत्तान्तात तो अजिबात आला नाही, याची मला सर्वांत जास्त खंत वाटते. विल्यम क्रीकच्या अलीकडे रस्ता समतल करणारे ग्रेडर यंत्र चालवणारा एक वयस्क कामगार मला भेटला. त्याने यंत्र थांबवले, खाली उतरला, आणि मी कोठून आलो, कशासाठी आलो यातले काहीही न विचारता पहिला प्रश्न केला की पाणी किती आहे. तोंडी उत्तरावर त्याचे समाधान झाले नाही. त्याने पाण्याच्या पिशव्या स्वतः हाताने उचलून पाहिल्या, आज मुक्काम कोठे करणार आणि गावात कोणत्या दिवशी पोहोचणार हे विचारून खिशातल्या वहीत टिपून घेतले. दुसऱ्या दिवशी समोरून आलेल्या मालमोटारीच्या चालकाने काच खाली करून माझी चौकशी केली. त्याला माझा बेत आधीच ठाऊक होता, कारण ग्रेडरवाल्याने तो रेडिओवरून सांगून ठेवला होता. त्या वाटेवर ही रीत आहे. तुम्ही कधी निघालात आणि कधी पोहोचायला हवे, हे कोणीतरी लक्षात ठेवतो, आणि पोहोचला नाहीत तर शोधायला निघतो. म्हणून पोहोचल्यावर निरोप देणे ही सायकलस्वाराची जबाबदारी ठरते, कारण तो दिला नाही तर कोणीतरी विनाकारण शेकडो किलोमीटर गाडी हाकतो.

संकटात मदत मागण्याच्या साधनांबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. मधल्या बहुतेक अंतरात मोबाइल चालत नाही. व्यक्तीने जवळ बाळगायचे छोटे संकेतयंत्र तेथे भाड्याने मिळते. त्याची कळ दाबली की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकेत जातो आणि बचाव केंद्राला ठावठिकाणा कळतो. कॉस्पस-सारसॅट या ज्या आंतरराष्ट्रीय उपग्रह व्यवस्थेवर हे चालते, तिच्यात भारतही सहभागी आहे आणि आपले नियंत्रण केंद्र बंगळुरूला आहे. मात्र आपल्या देशात परवान्याविना उपग्रह-फोन बाळगणे बेकायदा असल्याने तो येथून बॅगेत घालून नेण्याचा विचार कोणी करू नये, जी साधने लागतील ती तेथेच घ्यावीत. विमानाने डॉक्टर पाठवण्याची व्यवस्था त्या देशात १९२८ पासून आहे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून क्लॉनकरी येथून ती सुरू झाली. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर याने पायाने पेडल मारून वीज तयार करणारे रेडिओयंत्र बनवले आणि दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवरून डॉक्टरांना हाक मारता येऊ लागली. पेडलवर चाललेल्या यंत्राने त्या मुलुखात किती जीव वाचवले, हे आपल्या सायकलस्वारांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

येथे स्पर्धा आणि भ्रमंती यांतला फरकही वाचकांसमोर ठेवला पाहिजे. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' वैयक्तिक गटात पूर्ण केली. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि त्या पराक्रमाबद्दल मला अतीव आदर आहे. ती स्पर्धाही कॅलिफोर्निया आणि अॅरिझोनाच्या वाळवंटातून जाते. पण तेथे वैयक्तिक गटातील स्वारामागेही मदतनीसांचे वाहन असते, पाणी, अन्न, सुटे भाग आणि डोळ्यांत तेल घालून पाहणारी माणसे बरोबर असतात. ऊडनाडाटाच्या रस्त्यावर त्यातले काहीच नसते. ब्रेव्हेमधले सहाशे किलोमीटर आणि हे सहाशे किलोमीटर कागदावर सारखेच दिसतात, म्हणून आमच्या विद्यार्थ्याची गफलत झाली, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. आपल्या मुंबईचे पारशी तरुण आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा इराण आणि मेसोपोटेमियाचे वाळवंट त्यांनी मिळून ओलांडले. १९२४ मध्ये मुंबईहून एकट्याने निघालेले फ्रामरोज दावर यांनीसुद्धा सहारा ओलांडताना व्हिएन्नात भेटलेला सोबती बरोबर ठेवला. त्यामुळे त्यांचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही.

तयारीसाठी फार दूर जायलाही नको. कार्बनच्या हलक्या सायकली आणि बारीक टायर विसरून पोलादी सांगाड्याची, दोन इंचांहून रुंद टायरची सायकल घ्यावी, तिच्यावर वीस-पंचवीस किलो पाणी लादावे आणि जानेवारी-फेब्रुवारीत निफाड, येवला, नांदगाव, मालेगाव अशा वाटेने, शक्य तेथे कच्च्या शिवाररस्त्यांवरून, बाहेरून काहीही विकत न घेता चार दिवस जाऊन यावे. आपल्याकडच्या बाभळीचा काटा आणि तेथला तिधारी काटा यांत डावे-उजवे करणे कठीण आहे, त्यामुळे टायरमध्ये छिद्र बुजवणारे द्रव्य भरणे, आरे बदलणे, तुटलेली साखळी जोडणे हे सगळे येथेच हातात बसवता येते. मे महिन्याच्या उन्हात हा सराव कोणीही करू नये. बाकी व्हिसा, विमानात सायकल बांधण्याची पद्धत वगैरे माहिती कोठेही मिळते. एवढेच सांगतो की टायरला लागलेली माती आणि बरोबरचे खाद्यपदार्थ याबाबत तेथील तपासणी कडक असते. आईने दिलेले मेतकूट आणि लाडूसुद्धा विमानतळावर लेखी जाहीर करावे लागतात. काही वाळवंटी रस्ते मूळ रहिवाशांच्या जमिनींतून जातात, उदाहरणार्थ उलुरू या प्रसिद्ध प्रचंड शिळेकडून पश्चिमेला जाणारा ग्रेट सेंट्रल रोड. तेथे प्रवासाचे परवाने आधी काढावे लागतात आणि ते काढणे हा त्या लोकांचा मान राखण्याचा भाग आहे.

माझी आपणास आग्रहाची विनंती आहे की असा प्रवासवृत्तान्त यापुढे छापताना त्याबरोबर एक चौकट अवश्य द्यावी आणि तिच्यात प्रवासाचा महिना, कमाल व किमान तापमान, दोन पाणवठ्यांमधले सर्वांत मोठे अंतर, त्यासाठी वाहिलेले पाणी, बरोबर असलेली संपर्कसाधने, लागलेले परवाने आणि वाटेत मदत केलेल्यांचा उल्लेख असावा. प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताच्या लेखकाकडे ही माहिती नक्कीच असणार, कारण तिच्याशिवाय तो प्रवास पुरा होऊच शकत नाही. ती मागवून घेऊन येत्या रविवारीच छापली तर फार बरे होईल, कारण डिसेंबरच्या विमानांची तिकिटे आताच काढली जात आहेत. शहरातील सायकल संघटनांनी या विषयावर एखादी संध्याकाळ ठेवली तर मी माझे नकाशे, पाण्याच्या पिशव्या आणि टप्प्यांची टिपणे घेऊन यायला तयार आहे. आमच्या विद्यार्थ्याबरोबर बसून जुलैचे वेळापत्रक आखण्याचे काम सुरू केले आहे आणि त्यातला पहिला रकाना पाण्याचा आहे.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता
गंगापूर रोड, नाशिक